लाखेच्या रेकॉर्डी, पत्र्याचं गोदाम

भिवंडीत गोदाम आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑनलाइन कंपन्यांच्या त्या एकरांत मोजायच्या शेड येतात. फोर्कलिफ्ट, बारकोड, हेल्मेट घातलेली पोरं. माझं तसलं काही नाही. राहनाळला एका जुन्या कंपाउंडमध्ये दोन गाळे आहेत. वर पत्रा, खाली कोबा, दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीत मी.

इथे गोदामं उगवली ती मुंबईच्या जकातीमुळे. मुंबईला चिकटून पण जकात नाक्याच्या बाहेर अशी जागा हवी होती, ती राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, काल्हेर, माणकोली या ग्रामपंचायतींच्या हद्दीत मिळाली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आम्हाला वाटलं, आता भिवंडी बसली. झालं उलटंच. गोदामं गेली नाहीत, अवाढव्य झाली आणि माझ्यासारख्या दोन गाळेवाल्याला मोठा माल मिळेनासा झाला. तेव्हापासून मी घरसामान ठेवतो. दादर, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, आणि भिवंडीतल्याही जुन्या आळ्या. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते, माणसं भाड्याच्या वन बीएचकेत जातात, आणि तिथे न मावणारं सगळं टेम्पोने माझ्याकडे येतं. बिल्डर तीन वर्षांत चावी देतो म्हणतो. सामान माझ्याकडे पाच-सहा वर्षं राहतं. एवढ्या काळात घरातलं एखादं माणूस जातं, हे या धंद्यात धरूनच चालावं लागतं.

माणूस गेल्याचं मला आधी भाड्यावरून कळतं. दर महिन्याच्या पाच तारखेला येणारे पैसे अचानक दुसऱ्याच नंबरवरून येतात. मग दोन-तीन महिन्यांनी फोन येतो. सोफा काढून टाका, कपाट विका, गाद्या कुणाला हव्या तर देऊन टाका. आणि मग जरा थांबून : "पण बाबांचं ते मात्र राहू द्या."

बाबांचं 'ते'. प्रत्येक घरात त्याला नाव असतं, तिकिटं, नाणी, काडेपेट्या, पेनं, अंक. पण बाबा गेल्यावर त्याचं नाव जातं आणि ते 'ते' होतं. मुलुंडच्या एका घराची टपाल तिकिटांची चौदा आल्बम सात वर्षं माझ्याकडे होती. कल्याणच्या एका मास्तरांच्या काडेपेटीच्या छापांच्या वह्या होत्या. गिरगावातून आलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, हे त्या घरच्या जावयाने कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे सासऱ्यांचे ऐंशीच्या दशकातले अंकही सोन्याच्या भावाने जातील अशी त्याची खात्री होती. शेवटी रद्दीवाल्याने नेले. एका घरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नाण्यांचा डबा होता, तो मुलगा बॅगेत घालून परदेशी नेणार होता. त्याला सांगितलं, बाबा रे, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू अशी उचलून देशाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर बसशील. त्याने डबा परत माझ्याकडेच ठेवला. अजून आहे.

पण सांगायचंय ते नानांचं.

नाना भिवंडीचेच, ब्राह्मण आळीतले. सुताच्या एका पेढीवर चाळीस वर्षं हिशेब लिहिला. आळीतलं जुनं लाकडी घर बिल्डरकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचं सामान माझ्याकडे आलं. सामान असं फार नव्हतं. एक शिसवी कपाट, देव्हारा, पितळी पिंप, आणि अडतीस खोकी. खोक्यांबरोबर नाना स्वतः टेम्पोत मागे बसून आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. हमालांनी हात लावण्याआधीच अटी सांगितल्या. एका खोक्यात तीसच नग आहेत, खोकं आडवं करायचं नाही. खोक्यावर खोकं नको. भिंतीला टेकवायची नाहीत, ओल येते. वर माळ्यावर तर मुळीच नको, मे महिन्यात पत्र्याखाली वाकतात.

"काय आहे आत, काच?"

"लाख," नाना म्हणाले.

लाखेच्या रेकॉर्डी. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या. एका बाजूला तीन मिनिटं, सव्वातीन मिनिटं गाणं. अकराशे चाळीस नग. वजनाला अडीचशे किलो भरले असते. पळस-कुसुमाच्या झाडावर किडे जी लाख करतात तीत दगडाची पूड आणि काजळी घालून या रेकॉर्डी बनत. प्लॅस्टिक येईपर्यंत जगभरच्या गाण्याला लाख लागे आणि ती बहुतेक आपल्याकडून जाई. हे मला नानांनीच सांगितलं. फडकं जरासं ओलं करून पुसायचं, स्पिरिट लावलंस तर गाणं विरघळेल, असंही म्हणाले. मी तीस वर्षं माल सांभाळतोय, पण मालाबद्दल असं कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

मग ते दर रविवारी येऊ लागले. येताना चावीचा फोनो, सुयांची पत्र्याची डबी आणि एक टॉवेल. मी पॅलेटवर पॅलेट ठेवून टेबल करून द्यायचो. एका बाजूला एक सुई, बाजू संपली की सुई बदलायची, वापरलेली सुई दुसऱ्या डबीत. रविवारी आमच्याकडे गाड्या कमी. हमाल बसायचे ऐकत. मुकादम जौनपूरचा, दोघे तेलंगणातले, एक वाड्याकडचा पोरगा. बालगंधर्वांची रेकॉर्ड लागली की मुकादम म्हणायचा, "नाना, ये अच्छा है, पर वो नामवाला लगाओ."

नामवाला म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातल्या. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचं गाणं भरून घेतलं, तिथून आपल्याकडे हे सुरू झालं. मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, रेकॉर्डी तिकडे छापून परत यायच्या. तिथल्या कामगारांना कोणाचं गाणं ते कळावं म्हणून गाणारी माणसं शेवटी घाईघाईने आपलं नाव सांगत, पुष्कळदा इंग्रजीत. पुढे १९०८ ला कलकत्त्यात सियालदहला छपाईचा कारखाना निघाला आणि हळूहळू ती पद्धत गेली. नानांकडे तसल्या आठ-नऊ होत्या. फार खरखर. गाणं नीट कळायचंही नाही. पण तान तोडून ती बाई एकदम "माय नेम इज" करून नाव सांगायची तेव्हा सगळे हमाल टाळ्या पिटायचे. मुकादमाने ते पाठ केलं होतं. चलनावर सही करताना तो मोठ्याने "माय नेम इज" म्हणून आपलं नाव सांगायचा.

मार्च २०२० चा दुसरा की तिसरा रविवार शेवटचा. मग सगळंच बंद झालं. हमाल चालत गावी निघाले. नाना दुसऱ्या लाटेत गेले, एप्रिल २०२१ मध्ये. मला कळलं ते पाच तारखेलाच. बाराशे रुपये कॅनडातल्या मुलाच्या सांगण्यावरून डोंबिवलीच्या मुलीने पाठवले होते.

इथे माझी एक चूक सांगून टाकतो, कारण पुढचा बराचसा घोळ तिच्यातून झाला. २०२२ च्या पावसाळ्याआधी मुलाचा फोन आला. कागद, रद्दी जे काही असेल ते काढून टाका, वाळवी लागेल. वाळवीच्या नावाने मीही घाबरतो, एका घराची वाळवी दहा घरांना लागते. शिसवी कपाटातले कागद मी न उघडता काढले आणि रद्दीत घातले. चौसष्ट किलो भरले. पैसे मुलीच्या खात्यात टाकले, हिशेब चोख. दीड वर्षाने अडतिसाव्या खोक्यात तळाला एक लांबडी वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, पेढीवरची रोजमेळाची असते तशी. वर लिहिलेलं होतं, वही चौथी. पहिल्या तीन कुठे असतील, हे कुणी मला सांगायची गरज नव्हती. चौसष्ट किलोंत होत्या.

त्या चौथ्या वहीत काय होतं ते पाहिल्यावर मी दोन दिवस धड जेवलो नाही. प्रत्येक रेकॉर्डला आकडा. समोर लेबल, गाणं, तारीख, कुणाकडून घेतली, काय दिलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'वाजवून पाहिली.' 'अर्धी वाजते.' 'नको होती, भिडेखातर घेतली.' 'हिला किंमत नाही पण सोडवेना.' हिशेबनीस माणूस, आपल्या नादाचाही ताळेबंद ठेवलेला. चौथी वही १९९६ पासूनची. त्याआधीचं, म्हणजे जास्त मोलाचं सगळं, मी किलोवर विकलं.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, आणि डोंबिवलीची ताई गाळ्यावर आल्या. मुलगा फोनवर, व्हिडिओ कॉलवर. नानांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. रेकॉर्डींसाठी मृत्युपत्र कोण करतं? म्हणजे कायद्याने तिघांचा सारखा हिस्सा. ताईने मनातल्या मनात भागाकार केला आणि हसली. "एकेकाला तीनशे ऐंशी. बरोब्बर भाग जातो." काकू हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, भाडं आजवर किती गेलं. मी वही काढेपर्यंत त्यांनीच सांगितलं. "बासष्ट महिने. बाराशेप्रमाणे चौऱ्याहत्तर हजार चारशे." त्या काही पेढीवर नव्हत्या, पण पेढीवरच्या माणसाबरोबर पन्नास वर्षं काढली होती.

मुलाचं म्हणणं होतं, संग्रह फुटता कामा नये. कुठेतरी एक खोली मिळावी, बाबांच्या नावाची पाटी लागावी, सगळ्या रेकॉर्डी एकत्र राहाव्यात. "पुण्यात केळकर म्युझियम आहे ना, तसं." मुलगा भावनेने बोलत होता, त्याची टिंगल करत नाही. हे मी प्रत्येक घरात ऐकतो, आणि जो लांब असतो तो हे जास्त बोलतो, कारण त्याला खोकी दिसत नाहीत. पण केळकरांचं उदाहरण लोक अर्धंच घेतात. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवले. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या घरातला तो संग्रह सरकारला देऊन टाकला. त्यानंतर पंधरा वर्षं ते होते. आपल्या हाताने दिला, देताना स्वतः हजर होते. ते गेल्यावर मुलांनी कपाट उघडून 'याचं काय करायचं' असं म्हणण्याची वेळ आली नाही. आणि त्यांच्याकडेसुद्धा सगळ्या वस्तू एकाच वेळी मांडता येत नाहीत, इतकी जागा कुणाकडेच नसते.

दुसरं एक उदाहरण पुण्यातलंच. भाऊसाहेब जोश्यांनी छोट्या आगगाड्यांचा नाद केला, फिरती प्रदर्शनं भरवली, १९९८ मध्ये कोथरूडला त्याचं कायमचं म्युझियम केलं. ते गेल्यावरही गाड्या धावताहेत, कारण पुढच्या पिढीने ते रोजचं काम म्हणून अंगावर घेतलं. तिकीट लावलं, रूळ पुसले, बिघडलेलं इंजिन उघडून बसले. मी मुलाला विचारलं, तू येशील का रूळ पुसायला? तो गप्प झाला. वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि त्यांच्या दप्तरांसाठी तिथल्या लोकांनी लगेच पुढच्या जानेवारीत राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. त्याला माणूस राजवाडे असावा लागतो आणि मित्र धुळ्यातले.

ताईचं मत ग्रंथालयाला द्यावं. ती शाळेत शिकवते. तिने एका ग्रंथालयात विचारलं होतं. त्यांनी प्रश्न विचारले ते रास्त होते. यादी आहे का? वाजवायला यंत्र आहे का? ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? ठेवायला कपाटं आहेत का, की तीही आम्हीच करायची? यादी मी रद्दीत घातलेली. ताई परत आली. ग्रंथालयांना लोक कंजूष म्हणतात, मला तसं वाटत नाही. महाराष्ट्रातली कितीतरी जुनी ग्रंथालयं असल्या देणग्यांखालीच दबलेली आहेत. लोक पुस्तकं देत नाहीत, घरातला अपराधीपणा नेऊन देतात आणि वर पाटी मागतात.

मग व्यापारी आला, मुंबईहून. त्याने खोकी उघडली आणि पत्ते पिसावेत तशा भराभर रेकॉर्डी पुढे-मागे केल्या. गाणं बघतच नव्हता. लेबलचा रंग, कंपनी, नंबर. एचएमव्ही, ट्विन, ओडियन, कोलंबिया. मुंबईतच निघालेली 'यंग इंडिया' दिसली की हात थांबायचा. अर्ध्या तासाने म्हणाला, "निवडून देता की उचलून?" निवडून म्हणजे साठ-सत्तर नग तो चांगल्या भावाने नेणार, बाकीच्या आमच्या गळ्यात. उचलून म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, पण नगाला भाव वडापावाचा. काकूंनी विचारलं, उचलून नेल्यास तर बाकीच्यांचं काय करशील? माणूस प्रामाणिक होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, हॉटेलवाले भिंतीवर लावायला घेतात. मधे भोक आहेच, काही जण त्यात घड्याळं बसवतात.

काकू उठल्या. "घड्याळं नकोत."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. निघताना मुलगा फोनवरून म्हणाला, काका, एखादी लावून दाखवता का? फोनोला तीन वर्षं हात लागला नव्हता. चावी दिली तेव्हा स्प्रिंग अशी कुरकुरली की मला वाटलं तुटली. कुठली लावू, विचारलं. त्याने एका विनोदी संवादाची सांगितली. सतराव्या खोक्यात सापडली. नव्या सुईने लावली. मिनिटभराने सुई एका चरीत अडकली आणि तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा वाजू लागला. मी सुई उचलायला हात पुढे केला, तर तिकडून ओरडला, "असू द्या, असू द्या! तिथेच अडकते ती." कॅनडात पहाटेचे चार वाजले असतील. तो अर्धा शब्द त्याने किती वेळा ऐकला कोण जाणे, मग नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. मला ती अडकणारी द्या. बाकी आई ठरवेल ते. खोलीचा विषय त्याने परत काढला नाही.

रेकॉर्डींच्या नादातली माणसं कुठे असतात हे मला चौथ्या वहीतूनच कळलं. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी जमली. सुरेश चांदवणकर त्यांचे चिटणीस. एकत्र बसून जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या, कुठल्या नंबरची कुणाकडे आहे हे नोंदवायचं, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं आपलं नियतकालिक काढायचं. नाना त्यांच्या बैठकांना अधूनमधून जात असावेत, कारण वहीत तशा तारखा होत्या. वहीतल्या नावांना फोन करत करत एक निवृत्त इंजिनियर सापडले. ते म्हणाले, विकायचं नंतर बघू, आधी मला बघू द्या. जानेवारीत तीन रविवार ते आले. गाळ्यातली दोन कुटुंबांची फर्निचरं सरकवून मी जागा केली, ताडपत्रीवर चादरी घातल्या आणि अकराशे चाळीस रेकॉर्डी आम्ही ओळीने मांडल्या. भावगीतं, नाट्यसंगीत, ख्याल, पोवाडे, कीर्तनं, कव्वाल्या, नाटकाचे संवाद, आणि सगळ्यांत मोठा ढीग सिनेमाचा.

त्यांनी एका रविवारी माझा एक गैरसमज घालवला. मला वाटायचं, नानांकडे आहे ते नानांकडेच आहे. ते म्हणाले, यातल्या हजारभर तरी आणखी कुणाकुणाकडे आहेत, पुष्कळांची गाणी नेटवरही चढलेली आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे नुसत्या मुद्रणापुरता तरी अडसर नाही. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो तपासावा लागतो. खरी जपायची गोष्ट चाळीसेक रेकॉर्डींची, ज्या त्यांनी कुठे पाहिल्या नव्हत्या. त्या त्यांनी घरी नेऊन स्वच्छ केल्या, वाजवून कॉम्प्युटरवर घेतल्या आणि एका पेन ड्राइव्हवर काकूंना आणून दिल्या. नंतर योग्य भाव देऊन त्या चाळीस विकतही घेतल्या.

मधेच कल्याणहून एक गृहस्थ आले. नाना गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. म्हणाले, माझ्या अकरा रेकॉर्डी नानांकडे आहेत, ऐकायला नेल्या होत्या, पंच्याऐंशी-शहाऐंशी साली. माझा चेहरा उतरला. पहिल्या तीन वह्या असत्या तर एका मिनिटात खरं-खोटं झालं असतं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, ढिगांकडे पाठ करून बसा आणि गाणी सांगा, मी शोधते. त्यांना सात आठवली. सातही सापडल्या. काकूंनी सात दिल्या. "उरलेल्या चार आठवल्या की या." ते आले नाहीत. खोटे होते असं मला वाटत नाही. अडतीस वर्षांपूर्वी कुणाला काय दिलं हे मला तरी कुठे आठवतं?

माझं मत बदललं ते त्या तीन रविवारी, कव्हरं बघताना. गाणं मी काय ओळखणार, मी कागद ओळखतो. खाकी कागदाची ती कव्हरं, मधे गोल खिडकी. एका कव्हरावर कोपऱ्यात शाईने, वळणदार मोडीसारख्या अक्षरात कुणाचं तरी नाव आणि १९३८. त्याखाली जांभळा गोल शिक्का, एका लाऊडस्पीकर सर्व्हिसचा, भिवंडीचाच. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या तेव्हा लग्नात स्पीकर लावणाऱ्यांनी आपल्या रेकॉर्डी भंगारात काढल्या, नानांनी त्या खूप घेतल्या होत्या. त्या शिक्क्याखाली पेन्सिलीने नानांचा आकडा, ६१२. दुसऱ्या कव्हरावर तीन नावं. तिसऱ्यावर खोडलेलं एक नाव आणि 'सप्रेम भेट'. नानांचा म्हणून जो संग्रह आम्ही अखंड ठेवायला निघालो होतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक नग कुणाचा तरी संग्रह फुटला म्हणून नानांकडे आला होता. कुणाच्या तरी मुलाने तेव्हा 'बाबांचं ते' भंगारवाल्याला घातलं म्हणून. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे उकिडवे बसून नाना रेकॉर्डी निवडायचे, त्या दुकानांत माल येतो तो माणसं मेल्यावरच.

हे मी काकूंना बोललो. त्या म्हणाल्या, "मग आता कुणीतरी निवडायला बसलं तर बसू दे की."

त्यानंतर काम सोपं झालं. नाट्यसंगीत आणि ख्याल दोघा-तिघांनी वाटून घेतलं. पोवाडे आणि कीर्तनं एका अभ्यासकाने. सिनेमाच्या रेकॉर्डी कुणाला फारशा नको होत्या. त्यातल्या दीडशे ताईच्या शाळेने नेल्या, फोनोसकट. आता तिथली पोरं चावी फिरवतात आणि महिन्याला एकदोन रेकॉर्डी फुटतात, ताईने मला सांगितलं, रागाने नव्हे. सव्वाशे तरी नग चिरलेले किंवा गुळगुळीत झालेले निघाले, ते व्यापाऱ्याला उचलून दिले. त्यांची घड्याळं झाली असणार. काकूंनी तेव्हा मान दुसरीकडे वळवली, पण पैसे मोजून घेतले. सगळे मिळून भाड्याइतके काही आले नाहीत.

कव्वाल्या शेवटी राहिल्या होत्या. शंभराला थोड्या कमी. वंजारपट्टीकडचा एक माणूस आला, पन्नाशीचा, त्याचे यंत्रमाग होते, आता गाळा भाड्याने दिलाय म्हणाला. बरोबर त्याचा मुलगा, कानात इअरफोन. त्या माणसाने एकेक कव्हर उजेडाकडे धरून वाचलं. भावाची घासाघीस केली, काकूंनीही केली, दोघांनाही ती आवडत होती असं मला दिसलं. व्यवहार ठरला. मग त्याने खिशातून बॉलपेन काढलं, वरचंच एक कव्हर गुडघ्यावर ठेवलं. शाईचं नाव, जांभळा शिक्का, नानांचा पेन्सिलीचा आकडा. त्याखाली त्याने उर्दूत आपलं नाव लिहिलं, उजवीकडून सुरू करून, पार नानांच्या आकड्याला टेकेपर्यंत.

"सबपे लिखोगे क्या?" मुकादमाने विचारलं.

"जो बजाऊंगा उसपे," तो म्हणाला, आणि पोराला म्हणाला, खोकं आडवं करू नकोस.

छोटा हत्ती बाहेर उभा होता. भाडं त्यानेच दिलं. ३१ जानेवारीला मी काकूंचं खातं बंद केलं, त्रेसष्टाव्या महिन्याचे बाराशे घेऊ नयेत असं वाटत होतं, पण काकूंनी ते टेबलावर ठेवले आणि पावती मागितली.